वेग वाढला, पण रस्त्याशी संवाद? बीएमडब्ल्यूच्या परंपरेपुढचा प्रश्न

जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने २०२४ मध्ये आपल्या ‘एम५’ या सेडान गाडीची नवी पिढी बाजारात आणली, तेव्हा तिच्या तांत्रिक तपशिलातील दोन आकडे जगभर चर्चिले गेले. पहिला आकडा ७२७ अश्वशक्तीचा होता, तर दुसरा २,४३५ किलो वजनाचा. आधीच्या पिढीतील एम५ची क्षमता ६०० अश्वशक्ती होती आणि तिचे वजन एकोणीसशे किलोच्या आत होते. म्हणजे नव्या गाडीला सव्वाशेहून अधिक अश्वशक्तीची जोड मिळाली आणि त्याचबरोबर साडेपाचशे किलोंहून अधिक भारही तिच्या अंगावर चढला. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यासाठी जुन्या गाडीला ३.४ सेकंद लागत, नवीला ३.५ सेकंद लागतात. एवढी शक्ती वाढवूनही गाडी या कसोटीवर पुढे गेली नाही. वाढलेली शक्ती बव्हंशी वाढलेले वजन वाहण्यातच खर्ची पडली.

एका गाडीपुरता हा हिशेब मर्यादित असता तर त्याची दखल मोटारप्रेमींच्या वर्तुळाबाहेर घेण्याचे कारण नव्हते. मात्र बीएमडब्ल्यूची सारी ओळख ‘चालवण्याचा आनंद’ या एका कल्पनेवर उभी आहे. जर्मनीत ‘फ्रॉइडे आम फारेन’, अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ‘द अल्टिमेट ड्रायव्हिंग मशीन’ आणि भारतात ‘शिअर ड्रायव्हिंग प्लेझर’ अशा शब्दांत ती ग्राहकांसमोर मांडली जाते. आराम, मानमरातब किंवा टिकाऊपणा यांच्या नावावर इतर कंपन्यांनी बाजारपेठ मिळवली. बीएमडब्ल्यूने ती चालकाच्या नावावर मिळवली. त्यामुळे या गाड्यांनी आपला मूळ स्वभाव गमावला आहे काय, हा प्रश्न कंपनीच्या अस्तित्वाच्या कारणालाच हात घालतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या युगात तर त्याला थेट आर्थिक परिमाणही लाभले आहे.

स्वभाव म्हणजे नेमके काय?

या वादात अनेकदा गल्लत होते ती शब्दांची. वेग, शक्ती आणि रस्त्यावरील पकड या मोजता येण्याजोग्या गोष्टी आहेत. गाडीचा स्वभाव त्यांच्याहून वेगळा असतो. समोरची चाके रस्त्याला किती घट्ट धरून आहेत, ओल्या डांबरावर ती कधी घसरू लागतील, वळणावर गाडीचे वजन कोणत्या चाकावर आले आहे, हे सारे चालकाला तळहातातून, आसनातून आणि पायाखालच्या ब्रेकमधून समजत असते. ही माहिती जेवढी स्पष्ट आणि वेळेवर मिळते, तेवढा त्याचा गाडीवरील विश्वास वाढतो. चालकाने केलेली लहानशी कृती आणि गाडीने दिलेला प्रतिसाद यांत प्रमाणबद्धता असली की गाडी ‘ऐकते’ असे आपण म्हणतो.

बीएमडब्ल्यूच्या अभियंत्यांनी हा संवाद साधण्यासाठी काही सूत्रे दशकानुदशके पाळली. इंजिन पुढे आणि शक्ती मागील चाकांना, ही त्यांतील पहिली. त्यामुळे पुढील चाकांवर केवळ दिशा देण्याचे काम राहते आणि स्टीअरिंगमध्ये इंजिनाची ओढ जाणवत नाही. पुढील व मागील आसांवर वजनाची शक्य तितकी समसमान विभागणी हे दुसरे सूत्र. एका रांगेतील सहा सिलिंडरचे इंजिन हे तिसरे. या रचनेत सिलिंडरांच्या हालचालीतून निर्माण होणारे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण छेद देतात. म्हणूनच हे इंजिन वरच्या फेऱ्यांपर्यंत सहज आणि गुळगुळीत चढते. या सूत्रांपैकी एकही केवळ महागड्या गाड्यांसाठी राखून ठेवलेले नव्हते. सहा सिलिंडरचे इंजिन ग्राहकाच्या ऐपतीवर अवलंबून असे. पहिली दोन सूत्रे मात्र साध्या चार सिलिंडरच्या गाडीतही पाळली जात.

संकटातून घडलेली ओळख

ही ओळख एका संकटातून जन्माला आली, हे आज विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. १९५० च्या दशकात बीएमडब्ल्यूकडे एका टोकाला मोठ्या, महागड्या आलिशान गाड्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला ‘इसेटा’सारखी चिमुकली बुडबुडा-गाडी. मधल्या वर्गासाठी देण्यासारखे काहीच नव्हते. कंपनी तोट्यात रुतली. ९ डिसेंबर १९५९ रोजी झालेल्या भागधारकांच्या सभेत ती डाइमलर-बेंझच्या ताब्यात देण्याचा प्रस्ताव आला. लहान भागधारक आणि विक्रेते यांच्या विरोधामुळे तो बारगळला आणि त्यानंतर उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी कंपनीत आपली गुंतवणूक वाढवली.

त्यातून १९६१ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘१५००’ ही गाडी लोकांसमोर आली. ‘नॉये क्लासे’, म्हणजे ‘नवा वर्ग’, या नावाने ओळखल्या गेलेल्या मालिकेतील ही पहिली गाडी. मध्यम आकाराची, चार दरवाजांची, ८० अश्वशक्तीची ही कुटुंबाची गाडी चालवायला मात्र तिच्या वर्गातील इतरांपेक्षा अधिक चपळ होती. पुढे १९६८ मध्ये आलेल्या ‘२००२’ या दोन दरवाजांच्या गाडीने हीच कल्पना आणखी नेमकी केली. सुमारे एक टन वजन आणि १०० अश्वशक्ती, एवढ्या भांडवलावर तिने अमेरिकेतील तरुण ग्राहक मिळवले. नॉये क्लासेच्या इंजिनाचा तोच मूळ ठोकळा वापरून तयार झालेल्या टर्बो इंजिनाने १९८३ मध्ये नेल्सन पिके यांना फॉर्म्युला वन स्पर्धेचे जगज्जेतेपद मिळवून दिले.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘बीएमडब्ल्यू मोटरस्पोर्ट’ या विभागातून आजच्या ‘एम’ गाड्यांचा जन्म झाला. १९८६ मध्ये आलेली पहिली एम३ ही स्पर्धेच्या नियमांची निर्मिती होती. ‘ग्रुप ए’ वर्गात उतरायचे तर बारा महिन्यांत त्या गाडीचे पाच हजार नग बनवणे बंधनकारक होते. स्पर्धेसाठी हलकी, टणक आणि अचूक गाडी हवी होती, म्हणून रस्त्यावरची गाडीही तशीच झाली. सुमारे बाराशे किलोंच्या या गाडीत २.३ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि त्याची क्षमता दोनशे अश्वशक्तीच्या आसपास होती. आज अनेक साध्या कौटुंबिक गाड्या तिला सरळ रस्त्यावर मागे टाकतील. तरीही चालकाला आनंद देणाऱ्या गाड्यांची यादी निघाली की तिचे नाव टाळता येत नाही.

बदलाचे तीन टप्पे

या परंपरेपासून कंपनी केव्हा दुरावली, याचे एकच एक वर्ष सांगता येणार नाही. मात्र तीन टप्पे स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा १९९९ चा. त्या वर्षी अमेरिकेतील स्पार्टनबर्ग येथील कारखान्यात बनणारी ‘एक्स५’ बाजारात आली. उंच, जड आणि चार चाकांना शक्ती देणारी ही गाडी तिच्या वर्गाच्या मानाने उत्तम चालत असे. पण उंच गाडीचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि वळणावर तिचे कलणे रोखण्यासाठी कडक स्प्रिंगा, रुंद टायर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे लागतात, हे भौतिकशास्त्र कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. ग्राहकांनी मात्र या गाड्यांना भरभरून पसंती दिली. आज जगभरातील बीएमडब्ल्यूच्या विक्रीत ‘एक्स’ मालिकेचा वाटा निम्म्याहून अधिक आहे.

दुसरा टप्पा स्टीअरिंगचा. जुन्या पद्धतीत इंजिनावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने चालकाला साहाय्य करीत असे. त्या यंत्रणेतून रस्त्याची थरथर बऱ्याच अंशी हातापर्यंत पोहोचे. हा पंप मात्र सतत इंधन खात राही. त्याजागी विजेची मोटार बसवल्यास ती गरजेपुरतीच शक्ती वापरते. शिवाय गाडीला आपोआप मार्गिकेत ठेवणे किंवा स्वतःहून उभी करणे या सोयी तिच्यामुळेच शक्य होतात. २०१२ पासून विक्रीस आलेल्या ‘३ मालिके’च्या पिढीत विजेचे स्टीअरिंग आले आणि समीक्षकांचा सूर बदलला. अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाच्या वर्षातील दहा सर्वोत्तम गाड्यांच्या यादीत वीसहून अधिक वर्षे सलग स्थान मिळवणारी ३ मालिका २०१५ च्या यादीत नव्हती. त्या यादीत बीएमडब्ल्यूचीच, पण आकाराने लहान ‘एम२३५आय’ होती, हा तपशील बोलका आहे.

तिसरा टप्पा मूळ सूत्रालाच मुरड घालण्याचा. २०१४ मध्ये ‘२ मालिका अॅक्टिव्ह टूरर’ ही पुढील चाकांना शक्ती देणारी बीएमडब्ल्यूच्या नावाची पहिली गाडी ठरली. २०१९ मध्ये ‘१ मालिका’ही त्याच वाटेने गेली. आडवे इंजिन आणि पुढील चाकांची ओढ यांमुळे आत जागा अधिक मिळते आणि खर्च कमी होतो. कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्ध होता. पण त्यामुळे बीएमडब्ल्यूच्या सर्वांत स्वस्त गाडीत बसणाऱ्या तरुण ग्राहकाला इतर दहा कंपन्यांपेक्षा वेगळे काही हाती लागेनासे झाले.

दोष केवळ कंपनीचा नाही

या घसरणीचे खापर केवळ म्युनिकमधील अधिकाऱ्यांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. १९८६ च्या एम३च्या तुलनेत आजच्या गाडीला अपघातात प्रवाशांचा जीव वाचवणारी कितीतरी अधिक मजबूत चौकट लागते. एअरबॅग, बाजूने होणाऱ्या धडकेपासून संरक्षण, पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बॉनेटची रचना, आवाज आणि धूर यांवरील मर्यादा, या साऱ्यांची किंमत किलोंत मोजावी लागते. ती मोजू नये, असे कोणी म्हणणार नाही.

उत्सर्जनाच्या नियमांचा परिणाम तर नव्या एम५मध्ये उघड दिसतो. युरोपीय संघ कंपनीच्या सर्व गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाची सरासरी मोजतो आणि ती मर्यादेबाहेर गेल्यास मोठा दंड आकारतो. एम५मध्ये ४.४ लिटरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला विजेची मोटार आणि बाहेरून चार्ज करता येणारी मोठी बॅटरी जोडली आहे. परिणामी युरोपातील अधिकृत चाचणीपद्धतीत या अजस्र गाडीचे उत्सर्जन प्रति किलोमीटर चाळीस ग्रॅमच्या आत नोंदले जाते. कागदावर ती लहान हॅचबॅकपेक्षा स्वच्छ ठरते. प्रत्यक्षात हा आकडा मालक ती किती नियमितपणे चार्ज करतो यावर अवलंबून असतो. नियम कागदावरच्या ग्रॅमांना बक्षीस देतो आणि वजनाकडे काणाडोळा करतो, तेव्हा अभियंते ग्रॅम घटवतात आणि किलो वाढवतात, यात आश्चर्य नाही.

कंपनीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद करता येतो. तो विक्रीचा. पहिल्या एम३चे साऱ्या आयुष्यात मिळून सुमारे अठरा हजार नग विकले गेले. २०२४ या एकाच वर्षात ‘एम’ विभागाच्या दोन लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांत पूर्ण ‘एम’ गाड्यांबरोबरच ‘एम परफॉर्मन्स’ या किंचित सौम्य वर्गाचाही समावेश आहे, हे खरे. तरीही ज्या कंपनीने आपला आत्मा विकला अशी टीका होते, तिच्याकडे त्याच आत्म्याच्या नावाने एवढे ग्राहक येतात, याचा अर्थ टीकाकार आणि ग्राहक ‘आनंद’ या शब्दाचा वेगवेगळा अर्थ लावीत आहेत.

स्मरणरंजनाचाही भाग वजा करायला हवा. जुन्या मागील चाकांच्या गाड्या पावसाळी रस्त्यावर अननुभवी चालकाला शिक्षा करीत. आजची एम३ पाचशे अश्वशक्तीच्या आसपास क्षमता असूनही भिजलेल्या रस्त्यावर सामान्य चालकाला सांभाळून घेते. सहा गिअरच्या हाताने बदलायच्या गिअरपेटीचा पर्याय असलेली, मागील चाकांना शक्ती देणारी एम२ आजही मिळते. तिचे वजन सतराशे किलोंच्या घरात असले, तरी जाणकार तिला जुन्या परंपरेची वारस मानतात.

म्हणून ‘स्वभाव हरवला’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. अधिक अचूक विधान असे करता येईल की तो स्वभाव कंपनीच्या सर्वसामान्य गाडीतून निघून निवडक, महागड्या गाड्यांपुरता आक्रसला आहे. पूर्वी २००२ किंवा साधी ३ मालिका घेणाऱ्याला जो संवाद मूळ किमतीतच मिळत होता, तो आता अतिरिक्त किंमत मोजून विकत घ्यावा लागतो. आणि जिथे तो मिळत नाही, तिथे त्याची जागा अश्वशक्तीच्या आकड्याने, मोठ्या पडद्याने आणि ‘एम’च्या तिरंगी पट्ट्यांनी भरून काढली जाते. २०२२ मध्ये आलेली ‘एक्सएम’ ही त्याची परिसीमा होय. १९७८ च्या ‘एम१’नंतर एम विभागाने स्वतंत्रपणे घडवलेली ही पहिलीच गाडी, एम१ ही जमिनीलगतची, मध्यभागी इंजिन असलेली स्पर्धेची गाडी होती, तर एक्सएम ही २.७ टन वजनाची संकरित एसयूव्ही आहे.

पोर्शचे उदाहरण

नियम सर्वांना सारखेच असताना दुसऱ्या एखाद्या कंपनीने हा संवाद जपला आहे काय, हे पाहिले म्हणजे बीएमडब्ल्यूची जबाबदारी किती, याचा अंदाज येतो. श्टुटगार्ट येथील पोर्शने २००२ मध्ये ‘कायेन’ ही एसयूव्ही आणली, तेव्हा तिच्यावरही अशीच टीका झाली. आज तिच्याही विक्रीत एसयूव्ही गाड्यांचाच भरणा अधिक आहे. मात्र त्या नफ्याच्या आधारावर पोर्शने ‘९११’ या मूळ गाडीचा आग्रह सोडला नाही. तिची ‘जीटी३’ ही आवृत्ती आजही टर्बोविना चालणाऱ्या चार लिटरच्या इंजिनासह आणि हाताने बदलायच्या गिअरसह मिळते आणि तिचे वजन दीड टनाच्या आत आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे जीटी३चे स्टीअरिंगही विजेच्याच साहाय्याने चालते आणि तरीही ते जगातील सर्वोत्तम स्टीअरिंगांपैकी एक मानले जाते. तंत्रज्ञान बदलले म्हणून संवाद संपला, ही सबब त्यामुळे टिकत नाही. टायर किती रुंद असावेत, पुढील चाकांचे कोन कसे असावेत, मोटारीच्या नियंत्रणप्रणालीने रस्त्याची कोणती थरथर हातापर्यंत जाऊ द्यावी आणि कोणती गाळावी, हे निर्णय माणसे घेतात. अर्थात जीटी३ ही अतिशय महाग आणि मर्यादित वापराची गाडी आहे. सर्वसामान्य सेडानसाठी तेवढे करणे पोर्शलाही जमलेले नाही, हे नोंदवले पाहिजे.

भारतात मागच्या आसनाचे राज्य

भारतीय ग्राहकासाठी हा प्रश्न किंचित वेगळ्या रूपात उभा राहतो. येथे आलिशान गाडी घेणारा अनेकदा ती स्वतः चालवत नाही. चालक पुढे आणि मालक मागे, ही आपल्याकडची रूढ व्यवस्था. ती ओळखूनच पुण्याजवळ चाकण येथे जुळणी करणाऱ्या मर्सिडीज-बेंझने २०१७ पासून ‘ई-क्लास’ची लांब आवृत्ती भारतात विकली आणि ती यशस्वी ठरली. बीएमडब्ल्यूनेही तोच मार्ग धरला. २०२१ मध्ये ३ मालिकेची ‘ग्रॅन लिमोझिन’ आली. २०२४ मध्ये ५ मालिकेची लांब आवृत्ती आली. उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या देशांपैकी ती सर्वप्रथम भारताला मिळाली. २०२५ च्या जानेवारीत विजेवर चालणारी ‘आयएक्स१’ही लांब करून ४९ लाख रुपयांत सादर झाली. चेन्नईजवळच्या कारखान्यात या गाड्यांची जुळणी होते.

पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर वाढवले की मागे पाय पसरायला जागा मिळते. त्याचबरोबर वळणावरची चपळता कमी होते. चालकाची गाडी म्हणून जगभर नाव कमावलेली ३ मालिका भारतात प्रवाशाची गाडी झाली. हा बदल भारतीय ग्राहकाच्या मागणीनुसारच झाला असल्याने त्याबद्दल कंपनीला दोष देता येत नाही. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यू आणि मिनी मिळून भारतात १५,७२१ गाड्यांची विक्री झाली, यावरून हे धोरण व्यावसायिकदृष्ट्या बरोबर ठरल्याचे दिसते.

तरी चित्राची दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये कंपनीने ३८७ अश्वशक्तीची ‘एम३४०आय’ भारतातच जुळणी करून विकण्यास सुरुवात केली. भारतात जुळणी झालेली ती पहिली एम परफॉर्मन्स गाडी. एका रांगेतील सहा सिलिंडरचे इंजिन असलेली ही सेडान स्वतः गाडी चालवणाऱ्यांत प्रिय ठरली. मागच्या आसनाचा बाजार मोठा असला, तरी पुढच्या आसनाचा बाजार येथे नाही असे म्हणता येत नाही.

आपल्या रस्त्यांच्या संदर्भात स्वभावाचे महत्त्व उलट अधिक आहे. देशातील द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती १०० असून घाटात त्याहून कितीतरी कमी आहे. ७२७ अश्वशक्तीची, जवळपास दोन कोटी रुपयांची एम५ आपली ताकद कायद्याच्या चौकटीत राहून येथे कोठेही दाखवू शकत नाही. पण वळणावळणाच्या घाटात ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगानेही रस्ता हाताला सांगणारी गाडी रोज आनंद देऊ शकते. आकडे स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावरच कामी येतात, तर स्वभाव कोणत्याही वेगाला अनुभवता येतो.

वेग स्वस्त झाला तेव्हा

इथे हा प्रश्न हळहळीच्या पलीकडे जाऊन व्यवसायाच्या मुळाशी भिडतो. विजेच्या मोटारीने वेग स्वस्त करून टाकला आहे. चीनमधील शाओमी या मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये आपली पहिली मोटार ‘एसयू७’ विक्रीस आणली. तिच्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या आवृत्तीची क्षमता ६७३ अश्वशक्ती होती आणि शून्य ते शंभरचा वेग ती तीन सेकंदांच्या आत गाठते, असे कंपनीने सांगितले होते. तिची किंमत तीन लाख युआनच्या आत होती. ज्या कामगिरीसाठी बीएमडब्ल्यूने अर्धशतक खपवले, तिचा मोजता येणारा भाग एका नवख्या कंपनीने पहिल्याच प्रयत्नात साधला. त्याच २०२४ मध्ये चीनमध्ये बीएमडब्ल्यू आणि मिनी यांची विक्री १३ टक्क्यांहून अधिक घटली. या घटीमागे चीनमधील मंदावलेली मागणी आणि किमतींचे युद्ध अशी अनेक कारणे आहेत. तरी ‘आमची गाडी अधिक वेगवान’ हे विधान तेथे विकले जात नाही, एवढे स्पष्ट झाले.

मग ग्राहकाने अधिक पैसे कशासाठी मोजावेत? अश्वशक्ती सर्वांकडे आहे. मोठे पडदे सर्वांकडे आहेत आणि चिनी कंपन्यांकडे ते अधिक सफाईदार आहेत. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा नाद विजेच्या गाडीत उरत नाही. उरतो तो एकच ठेवा, गाडी कशी वागते हा. ज्या गुणाकडे भरभराटीच्या काळात कंपनीने दुर्लक्ष केले, तोच आता तिचा अखेरचा बालेकिल्ला ठरण्याची चिन्हे आहेत.

कंपनीला याची जाणीव झाल्याचे दिसते. विजेवर चालणाऱ्या नव्या पिढीच्या गाड्यांना तिने पुन्हा ‘नॉये क्लासे’ हेच नाव दिले आहे. त्यांतील पहिली ‘आयएक्स३’ सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात सादर झाली आणि हंगेरीतील डेब्रेत्सेन येथील नव्या कारखान्यात तिचे उत्पादन होते. युरोपीय चाचणीनुसार एका चार्जमध्ये ८०५ किलोमीटरपर्यंतचा पल्ला हे तिचे मोठे आकर्षण. परंतु चालकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ‘हार्ट ऑफ जॉय’ असे नाव दिलेले तिचे नियंत्रक. आतापर्यंत मोटार, ब्रेक, ऊर्जेची परतफेड आणि स्थैर्य यांची नियंत्रणे वेगवेगळ्या संगणकांकडे विखुरलेली असत. आता हे सारे एकाच ठिकाणी आणून आधीच्या दहापट वेगाने निर्णय घेतले जातात, असा कंपनीचा दावा आहे.

हा दावा तांत्रिकदृष्ट्या निराधार नाही. विजेची मोटार इंजिनापेक्षा कितीतरी लवकर प्रतिसाद देते. बॅटरी जमिनीलगत असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो. वजनाची विभागणीही साधता येते. म्हणजे बीएमडब्ल्यूच्या जुन्या सूत्रांपैकी काही विजेच्या गाडीत सहज साध्य होतात. साध्य होत नाही तो हलकेपणा. आयएक्स३चे वजन दोन टनांहून अधिक आहे आणि ते संगणकाच्या वेगाने कमी होत नाही. शिवाय नियंत्रक गाडीला चालकाच्या चुकांपासून किती सफाईने वाचवतो आणि त्या चुका चालकाला किती स्पष्टपणे जाणवू देतो, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत बीएमडब्ल्यू आजही निष्णात आहे. तिची परंपरा मात्र दुसरीत आहे.

खरी कसोटी

येत्या काही वर्षांत विजेवर चालणारी एम३ येईल, तिच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार असेल आणि तिचे आकडे डोळे दिपवणारे असतील. समाजमाध्यमांवर तिच्या चित्रफिती फिरतील. परंतु बीएमडब्ल्यूचा स्वभाव टिकला की नाही, याचा निवाडा त्या गाडीवरून करणे चुकीचे ठरेल. १९६१ मध्ये कंपनी वाचली ती कुटुंबाच्या एका साध्या सेडानमुळे, जिच्यात चालकाचा विचार केलेला होता. शर्यतीची गाडी तर सगळेच चांगली बनवू शकतात. तिला खर्चाची आणि जागेची बंधने नसतात.

म्हणून कसोटी लावायची ती नव्या नॉये क्लासेमधील सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी शक्तीच्या सेडानला. महागड्या पर्यायांशिवाय, ‘एम’च्या पट्ट्यांशिवाय तिच्या स्टीअरिंगला बोलता येते काय? कायदेशीर वेगात, साध्या वळणावर ती चालकाला काही सांगते काय? भारतात तर विजेच्या गाड्यांवर ५ टक्के आणि मोठ्या इंधनाच्या गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर असल्याने आलिशान गाड्यांच्या नव्या ग्राहकाची पहिली ओळख याच गाड्यांमधून होण्याचा संभव अधिक आहे. त्याने जुनी २००२ पाहिलेली नसेल, पहिल्या एम३चा आवाज ऐकलेला नसेल. त्याला बीएमडब्ल्यू म्हणजे काय हे समजेल ते चाचणीसाठी घेतलेल्या पहिल्या पंधरा मिनिटांत. त्या पंधरा मिनिटांत त्याला केवळ वेग आणि पडदाच जाणवला, तर तोच वेग आणि तोच पडदा कमी किमतीत देणारे विक्रेते पुढच्याच चौकात उभे असतील.